बार्नी रॉस : गुण किती द्यावेत?

सिंगापूरला मुष्टियुद्धाचा विषय निघाला की तो लवकर संपत नाही. इतर खेळांची चर्चा चहाच्या एका पेल्यात आटोपते. ही मात्र दुसरा पेला मागवावयास लावते. त्याला कारणही आहे. १९२३ साली येथे जालान बेसार रस्त्यावर न्यू वर्ल्ड नावाचे करमणूक उद्यान निघाले. त्यामागून ग्रेट वर्ल्ड आले आणि पुढे गेलांगच्या बाजूला हॅपी वर्ल्ड आले. चिनी नाटके, मलाय नाटके, नाचघर, खाण्यापिण्याची दुकाने असा सारा थाट, आणि त्यातच मुष्टियुद्धाचे रिंगण. फिलिपाइन्सचे मुष्टियोद्धे समुद्र ओलांडून येथे लढण्यास येत. न्यू वर्ल्डपासून यहुदी वस्ती चालत जाण्याइतकी जवळ होती. मिडल रोड, सेलेगी रोड, विल्की रोड हा जो भाग, त्यास येथील बगदादी यहुदी महल्ला म्हणत. आपला मोहल्लाच तो. पुढे १ जुलै १९७५ रोजी महंमद अलीने शेजारी क्वालालंपूरच्या मर्डेका स्टेडियमवर जो बग्नरशी जगज्जेतेपदाची लढत दिली, तेव्हा तर या भागातील प्रत्येक चहावाला मुष्टियुद्धाचा पंडित झाला.

आता हा वाद कसा चालतो ते सांगतो. लकी प्लाझात रविवारी जमणाऱ्या फिलिपिनो मंडळींपैकी कोणी असेल तर तो म्हणणार, मॅनी पॅकियाओ सर्वांत थोर, कारण तो आठ वजनगटांत जगज्जेता झाला. मलाय गृहस्थ अलीचे नाव सोडणार नाही. एखादा तरुण सांगेल की फ्लॉइड मेवेदर पन्नास लढती लढला व एकही हरला नाही, तेव्हा प्रश्नच मिटला. आणि आपल्या लोकांपैकी कोणी बसला असेल तर तो बेनी लेनर्ड किंवा बार्नी रॉस हे नाव पुढे करील, आणि लगेच जोडील की रॉस हा युद्धातला वीरसुद्धा होता.

मी जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. परीक्षकाच्या हाती पुतण्याची उत्तरपत्रिका आली तर काय होते हे मला ठाऊक आहे. एक तर तो सढळ हाताने गुण देतो, नाही तर लोक काय म्हणतील या भीतीने उगाच कापतो. दोन्ही अन्यायच. बार्नी रॉस हा आपला पुतण्या आहे असे समजून, तरीही पेपर नीट तपासता येतो का, हे पाहण्यासाठी त्याचे चरित्र येथे देत आहे.

त्याचे जन्मनाव डोव्ह-बेर रासोफ्स्की. घरात बेरेल म्हणत. २३ डिसेंबर १९०९ रोजी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब यहुदी वस्तीत त्याचा जन्म झाला. वडील रशियन साम्राज्यातील ब्रेस्ट-लितोव्स्कहून आलेले, तलमूदचा अभ्यास केलेले विद्वान गृहस्थ. अमेरिकेत विद्वत्तेला गिऱ्हाईक नव्हते. कुटुंब शिकागोला गेले आणि मॅक्सवेल स्ट्रीटच्या यहुदी बाजारात वडिलांनी किराणा मालाचे लहानसे दुकान थाटले. मुलाने धर्मग्रंथ शिकावे, जमल्यास शिक्षक व्हावे, ही त्यांची इच्छा. मारामारी हा त्यांच्या दृष्टीने दुसऱ्या लोकांचा धंदा. यहुद्याने पुस्तक हाती धरावे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वडिलांनी याहून वेगळे काही सांगितले असेल असे वाटत नाही.

डिसेंबर १९२३ मध्ये दुकानात दरोडेखोर शिरले आणि त्यांनी वडिलांना गोळी घातली. त्या जखमेने ते वारले. मुलगा त्या वेळी चौदा वर्षांचाही पुरता नव्हता. आईचे मन त्या धक्क्याने खचले व तिला नातेवाइकांकडे पाठवावे लागले. धाकटी भावंडे अनाथाश्रमात गेली. बेरेल व त्याचा एक भाऊ चुलत नातलगाकडे राहिले. एका आठवड्यात भरले घर मोकळे झाले.

यानंतरची काही वर्षे त्याच्या चरित्राचे भाविक लेखक घाईने ओलांडतात. ती तशी ओलांडू नयेत. तो रस्त्यावर वाढला, टोळक्यांत फिरला, जुगार खेळला, अल कपोनच्या माणसांची किरकोळ कामेही त्याने केली. त्याच गल्लीतला त्याचा एक सोबती जेकब रुबेन्स्टाइन. हे नाव ध्यानात ठेवावे, ते पुढे येणार आहे. वडिलांचा धर्म, वडिलांचे पुस्तक, सारे त्याने रागाने दूर सारले होते. एकच गोष्ट मनाशी धरली होती : पैसा मिळवायचा आणि अनाथाश्रमातून भावंडे सोडवून आणून आईच्या हवाली करायची. झटपट पैसा मिळण्याचे प्रामाणिक मार्ग त्या वस्तीत फार नव्हते. मुष्टियुद्ध हा त्यांपैकी एक.

त्या काळी अमेरिकेत यहुदी मुष्टियोद्धे एवढे होते की आज सांगून खरे वाटत नाही. अठराव्या शतकात लंडनच्या डॅनियल मेंडोझाने इंग्लंडचे विजेतेपद मिळवून दाखवले होते, पण तो एकटा होता. १९२० ते १९४० च्या दरम्यान मात्र न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो या शहरांतील यहुदी गल्लीबोळांतून डझनावारी नामांकित योद्धे निघाले. कारण सरळ आहे. नुकते उतरलेले, गरीब, गर्दीत राहणारे लोक हा धंदा करतात. पुढच्या पिढीची मुले कॉलेजात गेली आणि यहुदी मुष्टियोद्धा जवळजवळ दिसेनासा झाला. त्याची जागा नंतर आलेल्या गरिबांनी घेतली.

या सर्वांचा आदर्श बेनी लेनर्ड. त्याचे खरे नाव बेंजामिन लायनर. आईला कळू नये म्हणून त्याने नाव बदलले. आपल्या बेरेलनेही त्याच कारणासाठी बार्नी रॉस हे नाव घेतले. लेनर्ड १९१७ साली लाइटवेट गटाचा, म्हणजे १३५ पौंडांपर्यंतच्या गटाचा जगज्जेता झाला आणि जानेवारी १९२५ मध्ये आईच्या इच्छेखातर अजिंक्य म्हणून निवृत्त होईपर्यंत ते पद त्याच्याकडे राहिले. रॉस पोरवयाचा असताना शिकागोच्या यहुदी मुलांना लेनर्डचे नाव एखाद्या हिंदी नटाचे नाव आपल्या मुलांना असते तसे पाठ होते.

रॉस १९२९ साली हौशी गटातील गोल्डन ग्लव्हज स्पर्धा जिंकून त्याच वर्षी व्यावसायिक झाला. सॅम पायन आणि आर्ट विंच हे त्याचे व्यवस्थापक. त्याचा ठोसा फार भारी नव्हता. कारकिर्दीतील ८१ लढतींपैकी ७२ जिंकला, पण त्यांत नॉकआउट अवघे २२. त्याचे बळ वेगात, डाव्या हाताच्या अखंड माऱ्यात, पायांच्या चपळाईत आणि डोक्यात होते. समोरचा काय करणार हे आधी ओळखण्याची कला त्याच्यापाशी होती. तलमूदी बापाचा हा मुलगा रिंगणातही वाद घालावा तसा लढे, असे मला त्याच्या लढतींच्या जुन्या चित्रफिती पाहताना वाटते.

२३ जून १९३३ रोजी शिकागोत त्याने टोनी कॅन्झोनेरीला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवले आणि लाइटवेट व ज्युनियर वेल्टरवेट अशी दोन जगज्जेतेपदे एकाच रात्री मिळवली. साल पाहा. जानेवारीत जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. याच जून महिन्यात मॅक्स बेअरने विजारीवर दाविदाचा तारा लावून जर्मनीच्या श्मेलिंगला न्यूयॉर्कमध्ये हरवले होते, आणि दोन आठवड्यांत रॉसने हे केले. यहुदी वृत्तपत्रांना त्या वर्षी आनंदाच्या बातम्या फार मिळत नव्हत्या. भावंडे केव्हाच अनाथाश्रमातून घरी आली होती. आता आईला राहावयास चांगले घर मिळाले.

शिकागोचा निकाल घरच्या शहरातला आणि तोही पंचांच्या मतभेदाचा, म्हणून कुरकुर झाली. तेव्हा रॉस सप्टेंबरात न्यूयॉर्कला गेला आणि पंधरा फेऱ्यांत कॅन्झोनेरीला पुन्हा हरवले. कॅन्झोनेरी त्या वेळी चोवीस वर्षांचा, ऐन भरात होता. माझ्या मते गुण द्यावयाचे ते येथे द्यावेत.

आता गुणांची पद्धत. पॅकियाओच्या आठ गटांचा उल्लेख वर आला. त्या थोर खेळाडूचे मोल कमी करण्याचा हेतू नाही, परंतु आज मुष्टियुद्धात सतरा-अठरा वजनगट आहेत आणि प्रत्येकात चार संघटना आपापला जगज्जेता नेमतात. रॉसच्या काळी मान्यतेचे गट आठच. एका वेळी जगात साधारण आठच जगज्जेते. तेव्हा पट्टे मोजून तुलना करणे म्हणजे जुन्या मॅट्रिकचे गुण आणि हल्लीच्या दहावीचे गुण एकाच रकान्यात लिहिणे होय. पण हाच नियम रॉसलाही लावला पाहिजे. तो तीन गटांत जगज्जेता झाला असे आपण अभिमानाने सांगतो. त्यांतला ज्युनियर वेल्टरवेट हा आठ मान्य गटांबाहेरचा. पुष्कळांना तो गट मान्यच नव्हता, आणि १९३५ साली रॉसने तो किताब सोडल्यावर कित्येक वर्षे त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. म्हणून मी रॉसचे गट अडीचच धरतो.

दुसरा नियम नाबाद असण्याचा. न हरण्याला मोठे महत्त्व आले आहे, आणि त्यामुळे हल्लीचे खेळाडू अवघड प्रतिस्पर्धी टाळावयास शिकले. रॉस चार वेळा हरला. पहिल्या दोन हारी उमेदवारीच्या काळातल्या. राहिलेल्या दोन जिमी मॅक्लार्निन आणि हेन्री आर्मस्ट्राँग यांच्याकडून. या दोघांपुढे उभे राहून हरणे हे चाळीस सोप्या विजयांपेक्षा जड आहे. आपल्या खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. १९५२ साली हेलसिंकीत त्यांना कांस्यपदक मिळाले, म्हणजे ते तेथे हरलेच होते. पण मातीतला मल्ल परक्या मॅटवर कोणाकोणाशी लढला हे विचारल्याशिवाय त्या पदकाचे वजन कळत नाही.

मॅक्लार्निनची गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे. हा आयरिश जन्माचा, कॅनडात वाढलेला, हसतमुख, आणि उजव्या हातात मोठा दारूगोळा बाळगणारा वेल्टरवेट. १४७ पौंडांचा गट. त्याने एकामागून एक यहुदी योद्धे पाडले : सिड टेरिस, रूबी गोल्डस्टाइन, अल सिंगर, जॅकी फील्ड्स. वृत्तपत्रांनी त्याला यहुद्यांचा कर्दनकाळ ठरवले. आणि या यादीत एक नाव असे होते की ते वाचून जुन्या मंडळींच्या डोळ्यांत पाणी येई. १९२९ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात बेनी लेनर्डची सारी पुंजी बुडाली होती. १९३१ साली तो पोटासाठी रिंगणात परतला. केस विरळ झालेले, अंगावर मांस चढलेले. ७ ऑक्टोबर १९३२ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मॅक्लार्निनने त्याला सहाव्या फेरीत थांबवले.

त्यानंतर दीड वर्षाने, २८ मे १९३४ रोजी, लाइटवेट जगज्जेता रॉस वजनात वरचढ अशा मॅक्लार्निनसमोर वेल्टरवेट पदासाठी उभा राहिला. न्यूयॉर्कच्या यहुद्यांना ती मुष्टियुद्धाची लढत वाटतच नव्हती. रॉस पंधरा फेऱ्यांत गुणांवर जिंकला. १७ सप्टेंबरला मॅक्लार्निनने पद परत घेतले. २८ मे १९३५ रोजी तिसरी लढत, जॅक डेम्प्सी पंच, पुन्हा रॉस. पंचेचाळीस फेऱ्या, आणि कोणी कोणाला थांबवू शकले नाही. पहिल्या दोन निकालांत तर पंचांचेही एकमत नव्हते. दोघांत सुताचे अंतर होते, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

येथे आपले लोक एक हिशेब मांडतात. मॅक्लार्निनने लेनर्डला हरवले, रॉसने मॅक्लार्निनला हरवले, म्हणून रॉस लेनर्डहून थोर. अंकगणितात हे चालते, मुष्टियुद्धात नाही. मॅक्लार्निनने जो लेनर्ड हरवला तो लेनर्डची सावली होता. १९१७ ते १९२३ चा लेनर्ड रॉसपुढे उभा राहता तर काय झाले असते? माझे मत विचाराल तर १३५ पौंडांत लेनर्ड जिंकला असता. मात्र लेनर्डचा पेपर तपासण्यातही एक अडचण आहे. त्याच्या काळी अनेक ठिकाणी निकालाशिवायच्या लढती होत. कायद्यानेच पंचाला विजेता जाहीर करण्यास बंदी. दोघेही अखेरपर्यंत उभे राहिले तर निकाल नाही. मग दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांचे बातमीदार आपापले मत छापत, आणि पैजा लावणारे त्यावर पैसे चुकते करीत. अशा लढतीत जगज्जेत्याचे पद नॉकआउट झाल्याशिवाय जात नसे. लेनर्डच्या कारकिर्दीत अशा लढती ढीगभर आहेत. काही इतिहासकार बातमीदारांची मते जमेस धरून त्याचे विजय मोजतात, काही त्या लढती वगळतात, आणि दोन याद्यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. रॉसच्या पिढीचे निकाल, चुकीचे का असेनात, निदान जाहीर तरी झालेले आहेत.

आता सिंगापूरच्या फिलिपिनो मित्रांसाठी एक मुद्दा. त्यांच्या सेफेरिनो गार्सियाचे नाव त्यांना आजही ठाऊक असते. बोलो म्हणजे तिकडचा कोयता. उसाच्या शेतात कोयता फिरवावा तसा खालून वर येणारा त्याचा ठोसा जगभर गाजला. हा गार्सिया १९३९ साली मिडलवेट जगज्जेता झाला, म्हणजे रॉसपेक्षा बराच जड माणूस. रॉसने त्याला १९३५ साली दोनदा आणि २३ सप्टेंबर १९३७ रोजी तिसऱ्यांदा हरवले. या शेवटच्या लढतीत रॉसचा हात दुखावला होता आणि तरी तो पंधरा फेऱ्या पुऱ्या करून गुणांवर जिंकला. पॅकियाओच्या भक्तांना मी हे सांगतो तेव्हा ते क्षणभर गप्प बसतात व मग गार्सियाचा ठोसा रॉसला कसा लागला होता ते रंगवून सांगू लागतात.

गुण कापण्याची जागाही दाखवली पाहिजे. १९३५ ते १९३८ ही तीन वर्षे रॉस वेल्टरवेट जगज्जेता होता. या काळात तो लढला पुष्कळ, पण पद पणाला लावून फारच थोडे. इझी जनाझो आणि गार्सिया ही दोनच नावे सांगता येतात. बाकीच्या लढतींत हरला असता तरी पद राहिले असते. त्या काळची ती रीतच होती हे खरे, परंतु आर्मस्ट्राँगने पुढे तेच पद दोन-अडीच वर्षांत दीड डझन वेळा पणाला लावून दाखवले. शिवाय रॉसचा पैसा घोड्यांच्या शर्यतीत वाहून जात होता आणि रात्रीची जागरणे वाढली होती. शेवटच्या काळात त्याचे पाय पूर्वीचे राहिले नव्हते.

३१ मे १९३८. हेन्री आर्मस्ट्राँग हा पंचवीस वर्षांचा फेदरवेट जगज्जेता दोन गट वर चढून आला होता. या कृष्णवर्णी योद्ध्याची पद्धत अशी की पहिल्या टोल्यापासून शेवटच्या टोल्यापर्यंत तो हात थांबवतच नसे. पहिल्या काही फेऱ्या रॉसने लेनर्डच्या शाळेतल्या हुशार विद्यार्थ्यासारख्या लढवल्या. मग पाय गेले. त्यानंतरच्या फेऱ्या पाहवत नाहीत. डोळा मिटला, तोंड सुजले. आर्मस्ट्राँग मारतो आहे आणि रॉस उभा आहे. पायन आणि विंच लढत थांबवण्यास निघाले तेव्हा रॉसने त्यांना बजावले की टॉवेल फेकलात तर जन्मभर तुमच्याशी बोलणार नाही. पंच आर्थर डोनोव्हनलाही त्याने विनवले की जगज्जेत्याला उभ्यानेच पद सोडू द्यावे. तो पंधरा फेऱ्या उभा राहिला. आर्मस्ट्राँगने शेवटी शेवटी हात आखडता घेतला असेही सांगतात, असेल. कारकिर्दीत रॉसला कोणी नॉकआउट केले नाही हा विक्रम त्या रात्रीही अबाधित राहिला. त्यानंतर तो पुन्हा रिंगणात उतरला नाही. वय अठ्ठावीस.

तेव्हा माझा निकाल असा. लाइटवेटमध्ये लेनर्ड रॉसच्या वर, निःसंशय. वेल्टरवेटमध्ये शुगर रे रॉबिन्सन व आर्मस्ट्राँग रॉसच्या वर, आणि नंतरचा शुगर रे लेनर्डही. या तिघांच्या खाली ज्या पाच-सहा जणांची दाटी आहे, त्यांत रॉस आणि मॅक्लार्निन शेजारी शेजारी. सर्व गट, सर्व काळ एकत्र केले तर लेनर्ड पहिल्या दहात यावा. द रिंग मासिकाने २००२ साली आपल्या ऐंशी वर्षांतील सर्वोत्तम ऐंशी योद्ध्यांची यादी केली, तीत तो आठवा होता. रॉसला मी पहिल्या पंचविसांत कोठेतरी बसवतो आणि तेवढ्यावर समाधान मानतो.

पण आपली मंडळी समाधान मानीत नाहीत, कारण त्यांना पुढची गोष्ट ठाऊक असते.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. येथील यहुद्यांना दंडावर पट्ट्या बांधाव्या लागल्या. एप्रिल १९४३ मध्ये शंभरावर यहुदी पुरुषांना पकडून चांगीच्या तुरुंगात घातले, आणि युद्धाच्या शेवटच्या वर्षी बायकामुलांनाही सीम रोडच्या छावणीत नेले. पुढे सिंगापूरचा पहिला मुख्यमंत्री झालेला डेव्हिड मार्शल स्वयंसेवक दलात लढून युद्धकैदी झाला व होक्काइदोला नेला गेला. त्याच जपानी फौजांना पॅसिफिकमध्ये ग्वाडालकॅनाल बेटावर रोखले, आणि तेथे बार्नी रॉस होता. सिंगापूर पडले त्याच वर्षी, बत्तिसाव्या वर्षी, वयाची अट शिथिल करवून घेऊन तो अमेरिकन मरीन दलात भरती झाला. त्याला मुष्टियुद्धाचा शिक्षक म्हणून मागे ठेवता आले असते. त्याने आघाडीवर पाठवण्याचा हट्ट धरला.

नोव्हेंबर १९४२ मधील एका रात्री त्याची लहानशी तुकडी जपानी गोळीबारात सापडली. सोबती जखमी झाले, काही मेले. रॉस स्वतः जखमी असून रात्रभर एका खड्ड्यात त्यांच्याजवळ राहिला, जखमींच्या बंदुका घेऊन झाडत राहिला, हातबॉम्ब फेकत राहिला आणि सकाळी जिवंत राहिलेल्या एका सोबत्याला खांद्यावर घेऊन बाहेर आला. त्याला सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळाले.

या पदकाचे गुण मुष्टियुद्धाच्या यादीत मिळवावेत का? मुळीच नाही. ते दुसऱ्या विषयाचे गुण आहेत. शिवाय मिळवू लागलो तर पुढचेही धरावे लागेल.

पुढचे असे. लोखंडाचे तुकडे अंगात, हिवताप आणि असह्य डोकेदुखी. यावर त्याला लष्करी डॉक्टरांनी मॉर्फिन दिले, आणि घरी परतेपर्यंत त्याला त्याची सवय जडली होती. मग चोरून विकत घेणे सुरू झाले. मुष्टियुद्धात मिळवलेले जे उरले होते ते त्यात गेले. पत्नी सोडून गेली. सभांतून सत्कार स्वीकारणारा वीर गल्लीच्या कोपऱ्यावर विक्रेत्याची वाट पाहत उभा राहू लागला. १९४६ साली त्याने स्वतः अधिकाऱ्यांपुढे जाऊन सर्व सांगितले व केंटकीतील लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात दाखल झाला. त्या काळी हे उघड कबूल करणे म्हणजे समाजातून उठणे. काही महिन्यांनी, १९४७ च्या आरंभी, तो सुटून बाहेर आला. पत्नी परत आली. पुढे तो मादक पदार्थांविषयी शाळांतून व सरकारी समित्यांपुढे बोलत असे. १९५७ साली त्याचे आत्मचरित्र निघाले. पंधरा फेऱ्या उभे राहण्यापेक्षा हे कठीण होते असे मला वाटते.

इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी तो पॅलेस्टाइनच्या यहुद्यांसाठी अमेरिकेत प्रचार करीत होता. अमेरिकेतील स्वयंसेवकांची पलटण उभारून तिकडे लढावयास जाण्याच्या योजनेत तो पुढे होता. अमेरिकन सरकारने ती होऊ दिली नाही. रागाने वडिलांचे सर्व काही टाकून दिलेला मुलगा तोवर बराच मागे वळून आला होता.

जेकब रुबेन्स्टाइन हे नाव ध्यानात ठेवावयास सांगितले होते. नोव्हेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या खुनाचा आरोपी ऑस्वाल्ड यास डलासच्या पोलीस कचेरीत ज्याने गोळी घातली, तो जॅक रुबी म्हणजे हाच मॅक्सवेल स्ट्रीटचा जुना सोबती. १९६४ च्या खटल्यात रॉस त्याच्या वर्तनाविषयी साक्ष देण्यास गेला. जुन्या मित्रासाठी कोणी उभे राहत नसताना जाणे यात शोभा होती की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१७ जानेवारी १९६७ रोजी शिकागोत घशाच्या कर्करोगाने रॉसचा अंत झाला. वय सत्तावन. बेनी लेनर्ड त्याआधी वीस वर्षे गेला होता. १८ एप्रिल १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट निकोलस अरीनात एका लढतीचा पंच म्हणून काम करीत असता तो रिंगणातच कोसळला व तेथेच वारला. १९९० साली न्यूयॉर्क राज्यातील कॅनस्टोटा येथील आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध सन्मानमंदिरात पहिल्या तुकडीची नावे घेण्यात आली, त्यांत लेनर्ड, रॉस आणि आर्मस्ट्राँग हे तिघेही होते. जिमी मॅक्लार्निनचे नाव पुढच्या वर्षी आले. तो तेव्हा हयात होता, आणि आपल्या सर्व प्रतिस्पर्ध्यांना मागे ठेवून २००४ साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी वारला.